सामूहिक सहीची वास्तुकला : केंब्रिजच्या ‘टॅक’ची पन्नास वर्षे

दुसरे महायुद्ध संपले त्याच वर्षाच्या अखेरीस, १९४५ साली, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या विद्यापीठनगरीत आठ वास्तुविशारदांनी एक व्यावसायिक संस्था काढली आणि तिला आठांपैकी एकाचेही नाव न देता ‘द आर्किटेक्ट्स कोलॅबोरेटिव्ह’, म्हणजे वास्तुविशारदांचा सहयोगी संघ, असे नाव दिले. पुढे आद्याक्षरांवरून ती ‘टॅक’ या छोट्या नावानेच व्यवसायात ओळखली गेली. वास्तुविशारदांच्या पेढ्या मालकांच्या आडनावांनी चालण्याची त्या काळी रीत होती, आणि या आठांमधील एक आडनाव तर असे होते की ते पाटीवर लावले असते तर कामे आपण होऊन दारात आली असती. ते आडनाव वॉल्टर ग्रोपियस यांचे होते. जर्मनीतील बाउहाउस या कला व शिल्पशिक्षण देणाऱ्या विद्यालयाचे संस्थापक आणि हार्वर्ड विद्यापीठातील वास्तुकलेचे विभागप्रमुख असलेले ग्रोपियस त्या वेळी बासष्ट वर्षांचे होते, तर नॉर्मन फ्लेचर, जीन फ्लेचर, जॉन हार्कनेस, सारा हार्कनेस, रॉबर्ट मॅकमिलन, लुईस मॅकमिलेन आणि बेंजामिन थॉम्पसन हे उरलेले सात जण तिशीच्या आसपासचे होते. फ्लेचर आणि हार्कनेस ही दोन दांपत्ये होती. म्हणजे आठ संस्थापकांमध्ये दोन स्त्रिया होत्या आणि त्या नवऱ्याच्या पेढीतील मदतनीस म्हणून नव्हे, तर बरोबरीच्या भागीदार म्हणून आल्या होत्या. १९४५ सालच्या अमेरिकी व्यवसायात ही गोष्ट पाटीवरील नावापेक्षाही अधिक वेगळी होती.

या संस्थेचा इतिहास बहुतेक वेळा ग्रोपियस यांच्या चरित्राचे उत्तरार्धातील प्रकरण म्हणून सांगितला जातो आणि तेथेच पहिली गफलत होते. संघ काढण्याचा बेत मुळात तरुणांचा होता. बहुतांशी येल आणि हार्वर्ड येथे शिकलेल्या या मित्रमंडळींनी एकत्र काम करण्याचे आधी ठरवले आणि मग ग्रोपियस यांना सामील होण्याची विनंती केली. ती त्यांनी मान्य केली यात आश्चर्य नव्हते, कारण एकट्याने इमारत घडवणारा प्रतिभावंत ही कल्पना ग्रोपियस यांना विचाराने अमान्य होती आणि स्वभावाने अशक्यही होती. त्यांना रेखाटन जमत नसे आणि विद्यार्थिदशेपासून ही उणीव ते स्वतः कबूल करीत आले होते. १९११ पासून आल्फेल्ड येथे उभा राहिलेला फागुस हा बुटांचे साचे बनवणारा कारखाना, ज्याच्या कोपऱ्यावरचे खांब काढून तेथे काचच वळवल्यामुळे तो आधुनिक वास्तुकलेच्या आरंभबिंदूंपैकी एक मानला जातो, तो त्यांनी आडोल्फ मायर यांच्यासह रचला. अमेरिकेत १९३७ मध्ये आल्यावर मार्सेल ब्रॉयर यांच्याशी त्यांनी काही वर्षे भागीदारी केली. कारखान्यात बनवून जागेवर जोडायच्या घरांची योजना त्यांनी कॉनराड वाक्समान यांच्यासह आखली. सहकाऱ्याशी बोलत बोलत, त्याच्या पेन्सिलीवर आपली टीका चालवत विचार पुढे नेणे ही त्यांची कामाची मूळ पद्धत होती, आणि तिला त्यांनी पुढे तत्त्वाचे रूप दिले.

टॅकमध्ये या तत्त्वाची प्रत्यक्ष घडी कशी बसवली गेली ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ‘सामूहिक’ या शब्दाआड अनेकदा केवळ गोंधळ लपलेला असतो. प्रत्येक काम एका भागीदाराकडे सोपवलेले असे. ग्राहकाशी बोलणे, कनिष्ठ सहकाऱ्यांचा चमू बांधणे, खर्च आणि मुदत सांभाळणे ही सर्व जबाबदारी त्याची असे. आठवड्यातून एकदा सर्व भागीदार एकत्र बसत आणि चालू असलेले आराखडे भिंतीवर लावून त्यांची चिकित्सा करीत. या बैठकीत कोणीही कोणाच्याही कामावर बोलू शकत असे आणि ग्रोपियस यांच्या आराखड्यांनाही सूट नसे. मात्र टीका सर्वांची असली तरी निर्णय एकाचा असे: ज्याच्याकडे काम, त्याचा शब्द शेवटचा. मतदान घेऊन किंवा तडजोडीचा मध्य काढून खिडकी कोठे यावी हे ठरवले जात नसे. समितीने केलेली रचना आणि संघाने केलेली रचना यांतील फरक या एका नियमात होता. स्किडमोर, ओइंग्ज अँड मेरिल यांच्यासारख्या मोठ्या अमेरिकी कंपन्याही शेकडो माणसे एकत्र राबवीत होत्या, परंतु तेथील एकत्रपणा कामाच्या वाटणीचा होता. टॅकला अपेक्षित होता तो चिकित्सेचा एकत्रपणा, आणि तो टिकण्यासाठी सर्वांनी एका खोलीत मावणे व एकमेकांच्या टीकेची सवय असणे आवश्यक होते. पुढे संस्थेचे जे झाले त्याचे बीज या अटीतच सापडते.

असे प्रयोग अन्यत्रही चालू होते. लंडनमध्ये ‘टेक्टन’ हा गट १९३२ मध्ये आणि ‘आर्किटेक्ट्स को-पार्टनरशिप’ ही समान भागीदारांची पेढी १९३९ मध्ये निघाली होती. पुढे युरोपात ‘टीम टेन’, स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात ‘अटेलिए फाइव्ह’ आणि जपानमध्ये ‘मेटाबोलिस्ट’ या गटांनी आपापल्या परीने सामूहिकतेचा अर्थ लावला. यांपैकी काही गट मुख्यतः विचारांचे होते, काही केवळ कामाच्या सोयीचे. टॅकचे वेगळेपण असे की तिच्या संस्थापकांनी एकत्र काम करण्याबरोबर एकत्र राहण्याचाही प्रयोग केला.

केंब्रिजच्या वायव्येला असलेल्या लेक्सिंग्टन गावात त्यांनी १९४७-४८च्या सुमारास सुमारे वीस एकरांची एक खडकाळ, झाडीने भरलेली टेकडी विकत घेतली. त्या जागेवरील जुन्या कोठारात ‘मून’ या बंद पडलेल्या कंपनीच्या सहा मोटारी मिळाल्या म्हणून वस्तीचे नाव ‘सिक्स मून हिल’ पडले. जमीन रहिवाशांच्या सामाईक मंडळाच्या नावे घेतली गेली, साधारण अर्ध्या एकराचे भूखंड चिठ्ठ्या टाकून वाटले गेले आणि काही भाग सर्वांसाठी मोकळा ठेवला गेला, ज्यावर पुढे पोहण्याचा तलाव झाला. घरे लहान होती, सपाट छपरांची, उभ्या लाकडी फळ्यांची, मोठ्या काचांची, उतारावर अशी बसवलेली की एका घराची खिडकी दुसऱ्याच्या खिडकीत उघडू नये. अंगणांना कुंपणे नव्हती. स्वयंपाकघर मागच्या बाजूला ढकलण्याऐवजी बैठकीच्या जागेशी जोडलेले असे, म्हणजे काम करणाऱ्या आईला मुलांवर लक्ष ठेवता येई आणि संभाषणातही भाग घेता येई. सारा हार्कनेस आणि जीन फ्लेचर या दोघींनी घरकामाचा व्याप कमी करणे हा आराखड्याचा प्रश्न मानला, आणि ज्या काळात अमेरिकी मासिके गृहिणीचे गुणगान करीत होती त्या काळात दोघी स्वतः मुले वाढवत कार्यालयात आराखडे करीत होत्या. येथील वास्तुकलेला श्रेष्ठ म्हणायचे ते इमारतींच्या रूपापेक्षा या नात्यांच्या आखणीसाठी.

लगेच, १९५१ मध्ये, टॅकने त्याच गावात ‘फाइव्ह फील्ड्स’ ही दुसरी वसाहत आखली. ही सुमारे ऐंशी एकरांची होती आणि येथे काही ठरावीक नमुन्यांची घरे बाहेरच्या मध्यमवर्गीय कुटुंबांना विकायची होती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी अमेरिकेत त्या वेळी एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहत होत्या. त्यांना पर्याय म्हणून कमी खर्चातही झाडे राखणारी, उतार न सपाट करणारी, मध्ये सामाईक माळ असलेली वस्ती करता येते, हे दाखवण्याचा हा प्रयत्न होता. तो यशस्वी झाला, परंतु त्याचे अनुकरण फारसे झाले नाही. बांधकाम व्यावसायिकांना सामाईक माळ म्हणजे न विकलेली जमीन वाटे.

संस्थेला नाव मिळाले ते हार्वर्ड ग्रॅज्युएट सेंटरमुळे. १९४८ ते १९५० या काळात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सात वसतिगृहे आणि ‘हार्कनेस कॉमन्स’ ही भोजनालयाची सामाईक इमारत उभी राहिली. लाल विटांच्या, जुन्या घाटाच्या इमारतींसाठी प्रसिद्ध असलेल्या विद्यापीठात ही आधुनिक वास्तुकलेची पहिली मोठी वास्तू होती. आधुनिक वास्तुकला म्हणजे अलंकार टाळून, पोलाद, काच आणि काँक्रीट यांच्या गुणांवर आणि उपयोगाच्या तर्कावर रूप उभे करणारी विसाव्या शतकातील धारा. तिचा दावा असा की ती इतिहासाची नक्कल करीत नाही. तरीही या संकुलाची मांडणी पाहिली तर इमारतींनी वेढलेले आणि छताच्या वाटांनी जोडलेले चौक दिसतात आणि त्यांत हार्वर्डच्या जुन्या प्रांगणाची आठवण स्पष्ट आहे. नक्कल नाही, पण ओळख आहे. खर्च बेताचा होता आणि खोल्या त्याहून बेताच्या. विद्यार्थी त्यांच्या अरुंदपणाबद्दल कुरकुरत. उलट भोजनालयात योआन मिरो, हान्स आर्प, योझेफ आल्बर्स आणि हर्बर्ट बायर यांच्या कलाकृती बसवल्या गेल्या आणि आवारात रिचर्ड लिपोल्ड यांचे पोलादी नळ्यांचे शिल्प उभे राहिले. चित्रकार आणि शिल्पकार यांना इमारत पूर्ण झाल्यावर बोलावण्याऐवजी आराखड्याच्या वेळी सोबत घेणे ही बाउहाउसची जुनी आकांक्षा अमेरिकेत इतक्या मोठ्या प्रमाणावर येथे प्रथम साकारली.

याच सुमारास हार्वर्डमधून बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्यामुळे या इतिहासाचा धागा कोकणापर्यंत येतो. आचरे येथे १९१६ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या वास्तुकला विभागात शिकलेले अच्युत कानविंदे १९४५ मध्ये सरकारी योजनेतून हार्वर्डला गेले आणि १९४७ पर्यंत ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले. म्हणजे टॅकची स्थापना होत असताना ते तेथेच होते. परत आल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांचे काम त्यांच्याकडे आले, अहमदाबादेतील ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची इमारत त्यांनी उभारली आणि १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह त्यांनी दिल्लीत पेढी काढली. त्यांच्या आरंभीच्या कामांत बाउहाउसचे आडवे, पांढरे, नेटके रूप दिसते. परंतु कानपूरच्या आयआयटीत त्यांनी त्या रूपाऐवजी गुरूंच्या विचारपद्धतीचाच आधार घेतला. काँक्रीटचा उघडा सांगाडा, त्यात विटांची भर, वाहने बाहेरच्या कडेने, आणि विभागांना जोडणाऱ्या दोन पातळ्यांवरच्या झाकलेल्या पादचारी वाटा, अशी ती मांडणी आहे. उन्हाने भाजणाऱ्या मैदानात चालणाऱ्या माणसाला सावली देणे हा तिचा पाया आहे. कानविंदे यांचे हे काम ‘परदेशी शैलीची आयात’ या शब्दांत बसवणाऱ्या टीकाकारांनी त्या वाटांवरून मे महिन्यात चालून पाहायला हरकत नाही.

सावलीचा हाच प्रश्न टॅकसमोर बगदादमध्ये आला आणि तेथे त्यांनी आपले सर्वांत महत्त्वाकांक्षी काम हाती घेतले. तेलाच्या उत्पन्नातून इराकच्या विकास मंडळाने १९५०च्या दशकात राजधानीची पुनर्रचना ठरवली आणि जगातील नामवंतांना पाचारण केले: फ्रँक लॉइड राइट यांनी संगीतनाट्यगृह, ल कोर्ब्युझिए यांनी क्रीडासंकुल, आल्वार आल्टो यांनी कलासंग्रहालय, जिओ पोंती यांनी विकास मंडळाचे कार्यालय आखावे, असे ठरले. हार्वर्डमध्ये शिकलेल्या निझार अली जवदत आणि एलन जवदत या वास्तुविशारद दांपत्याचा बगदादमधील वावर आणि ग्रोपियस यांच्याशी असलेला परिचय टॅकच्या कामी आला, आणि तैग्रिस नदीच्या वळणात जादरिया येथे संपूर्ण विद्यापीठ उभारण्याचे काम १९५७ मध्ये त्यांच्याकडे आले.

विद्यापीठाचा आराखडा म्हणजे एका शहराचाच आराखडा होता. बाहेरून मोटारींचा वळसा, आत केवळ पायी चालणाऱ्यांचा भाग, मध्यभागी सर्वांचे चौक, त्यांच्याभोवती वर्ग व प्रयोगशाळा, आणि त्यांच्या पलीकडे विद्यार्थ्यांची निवासस्थाने अशी वर्तुळाकार रचना होती. प्रत्येक विद्याशाखेला स्वतंत्र इमारत देण्याची रूढ पद्धत सोडून प्रयोगशाळा आणि व्याख्यानगृहे सामाईक ठेवली गेली, ज्यामुळे दुबार खर्च वाचावा आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी साहित्याच्या विद्यार्थ्याला भेटावा. सहयोगाचे तत्त्व येथे अभ्यासक्रमाच्या मांडणीत शिरले होते. इमारती मुद्दाम जवळजवळ ठेवल्या गेल्या, कारण बगदादच्या उन्हात दोन भिंतींमधील अरुंद वाट ही सर्वांत स्वस्त छत्री असते, हे जुन्या शहराच्या गल्ल्यांनी आधीच सिद्ध केले होते. वरचे मजले पुढे काढून खालच्यांवर सावली पाडणे, खिडक्यांसमोर काँक्रीटच्या उन्हरोधक पट्ट्या, चौकांत नदीचे पाणी खेळवणे, हे त्यापुढचे उपाय होते. प्रवेशद्वाराशी दोन बाजूंनी वळत वर जाणारी, पण माथ्यावर न मिळणारी कमान योजली होती. दोन टोकांमधील फट मोकळ्या मनाचे प्रतीक म्हणून ठेवली गेली.

विद्यापीठाचे पुढचे दिवस मात्र मोकळ्या मनाचे नव्हते. १४ जुलै १९५८ रोजी लष्करी उठावात राजा फैसल दुसरे मारले गेले, राजेशाही संपली आणि अब्दुल करीम कासिम सत्तेवर आले. राइट यांची योजना बारगळली, इतरांच्या लांबल्या; परंतु विद्यापीठ नव्या राजवटीलाही हवे होते, किंबहुना अधिक मोठे हवे होते, आणि विद्यार्थ्यांची नियोजित संख्या ६,८०० वरून १२,००० पर्यंत वाढवली गेली. १९६३ मध्ये कासिम यांचाही वध झाला. त्यानंतर राजवटी बदलत राहिल्या, पैसा येत-थांबत राहिला, इराकी वास्तुविशारद हिशाम मुनीर यांच्या सहकार्याने काही भाग उभे राहिले आणि बांधकाम १९८०च्या दशकापर्यंत रेंगाळले. लुईस मॅकमिलेन यांनी या एका कामाला आयुष्याची कित्येक वर्षे दिली. मूळ आराखड्याचा जेवढा भाग बांधला गेला त्यावरून सबंध रचनेचा न्याय करणे कठीण असले तरी, परकीय वास्तुविशारदांनी पश्चिम आशियात केलेल्या त्या पिढीच्या कामांमध्ये हवामानाचा इतका सुसंगत विचार क्वचितच आढळतो. मशिदीचा तीन टेकूंवर उतरणारा घुमट किंवा कमानींचे उल्लेख यांवर ‘पूर्वेकडील’ देखाव्याचा आरोप झाला आणि तो पूर्णपणे निराधार नाही. परंतु देखावा आणि उपाय यांत फरक करायचा तर बगदादमध्ये उपायच अधिक आहेत.

अथेन्समधील अमेरिकी वकिलातीबद्दल तसे म्हणता येत नाही. १९६१ मध्ये पूर्ण झालेली ही चौरस, मधल्या चौकाभोवती बांधलेली, पेंटेली पर्वताच्या संगमरवराने मढवलेली आणि बाहेरच्या खांबांवरून छप्पर पेलणारी इमारत पार्थेनॉनच्या सावलीत उभी राहताना जे अदबीने वागते, त्या अदबीत संकोच जास्त आहे. दुहेरी छताखालून वारा खेळवण्याची युक्ती चांगली आहे. खांबांची मिरवणूक मात्र प्राचीन देवळाला दिलेली औपचारिक सलामी वाटते.

संघाच्या तत्त्वाची खरी कसोटी न्यूयॉर्कमध्ये लागली आणि तेथे ते उतरले नाही. ग्रँड सेंट्रल स्थानकामागे एक अजस्र कार्यालयीन इमारत उभारण्याचा घाट विकासक अर्विन वुल्फसन यांनी घातला होता. नकाशे एमरी रॉथ अँड सन्स ही पेढी करीत होती, आणि प्रकल्पाला प्रतिष्ठा यावी म्हणून १९५८ मध्ये ग्रोपियस आणि पिएत्रो बेलुस्की यांना सल्लागार नेमले गेले. त्यांनी मनोऱ्याला लांबट अष्टकोनी आकार दिला, कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांनी त्याला आवरण दिले आणि त्याची दिशा बदलून तो पार्क ॲव्हेन्यूवर आडवा ठेवला. ५९ मजल्यांची, २४६ मीटर उंचीची, पॅन ॲम या विमान कंपनीच्या नावाची इमारत मार्च १९६३ मध्ये उघडली तेव्हा व्यापारी कार्यालयांच्या क्षेत्रफळात ती जगात सर्वांत मोठी होती, आणि तिने शहरातील एका भव्य रस्त्याचा शेवट कायमचा बंद केला होता. टीका कडवट झाली. त्या टीकेत एक मुद्दा मात्र कोणी फारसा मांडला नाही: हे काम आठवड्याच्या बैठकीतून जन्मलेले नव्हते. येथे टेबलाभोवतीच्या चिकित्सेला नव्हे, तर पाटीवर मुद्दाम न लावलेल्या त्या एका आडनावाला बाजारात किंमत आली होती.

१९६०च्या दशकापासून टॅकची कामे इतिहासकार ज्याला उत्तरकालीन आधुनिकतावाद म्हणतात त्या प्रवाहात मोडू लागली. ही संज्ञा समीक्षक चार्ल्स जेंक्स यांच्या लेखनातून १९८०च्या सुमारास रूढ झाली आणि उत्तर-आधुनिकतावादाशी तिची गल्लत करू नये: उत्तर-आधुनिकांनी इतिहासाचे अलंकार पुन्हा स्वीकारले, तर उत्तरकालीन आधुनिकांनी आधुनिक तत्त्वेच अधिक ताणली, एककांची पुनरावृत्ती वाढवली, सांगाडा किंवा आवरण ठळक केले आणि आकार प्रचंड केले. बॉस्टनमधील १९६६ची जॉन एफ. केनेडी फेडरल इमारत, तिचे २६ मजल्यांचे दोन जोडमनोरे आणि पायथ्याशी पसरलेला ठेंगणा भाग, हा याचा नमुना. काटेकोर, सक्षम आणि काहीसा निरुत्साही. बर्लिनच्या दक्षिणेला टॅकने आखलेली मोठी वसाहत १९६१ मध्ये शहरात भिंत उभी राहिल्यावर जागेच्या टंचाईमुळे मूळ योजनेपेक्षा कितीतरी दाट आणि उंच झाली, सुमारे १८,५०० घरांची, आणि १९७२ मध्ये तिला ग्रोपियसश्टाट हे नाव दिले गेले, ज्याचा ग्रोपियस यांना अभिमान वाटला असता असे म्हणवत नाही.

याउलट ॲलेक्स स्विजानोविच या भागीदारासह ग्रोपियस यांनी बव्हेरियात केलेले दोन कारखाने, सेल्ब येथील रोझेंथाल चिनीमातीचा आणि आम्बेर्ग येथील थॉमस काचेचा, हे त्या काळातील मनापासून केलेले काम आहे. आम्बेर्गच्या कारखान्यात भट्ट्यांची तीव्र उष्णता वर ओढून बाहेर घालवण्यासाठी छप्पर उंच आणि तीव्र उताराचे केले गेले. कामगाराच्या घामाचा विचार हाच त्या रूपाचा उगम असल्याने त्याला लोकांनी दिलेले ‘काचेचे कॅथेड्रल’ हे नाव शोभते. १९६४ मध्ये डार्मश्टाटसाठी आखलेले बाउहाउस संग्रहालय तेथे झालेच नाही. स्विजानोविच यांनी फेरफार करून ते १९७६ ते १९७९ या काळात बर्लिनमध्ये उभे केले. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या दंतुर छपरांप्रमाणे उत्तरेचा सौम्य प्रकाश आत घेणारी त्याची छपरांची रांग आज बर्लिनच्या ओळखीचा भाग आहे.

संस्थेच्या मूळ गटाची वीण मात्र याआधीच उसवू लागली होती. रॉबर्ट मॅकमिलन यांनी रोममध्ये स्वतंत्र पेढी काढली, जीन फ्लेचर यांचे १९६५ मध्ये निधन झाले, आणि १९५३ पासून ‘डिझाइन रिसर्च’ हे घरगुती वस्तूंचे अभिनव दुकान चालवणारे बेंजामिन थॉम्पसन १९६६ मध्ये बाहेर पडले. त्याच वर्षी टॅकने केंब्रिजच्या ब्रॅटल स्ट्रीटवर स्वतःचे कार्यालय बांधले होते. थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये त्याच्या शेजारी आपल्या दुकानासाठी जी पारदर्शक, काचेच्या भिंतींची इमारत उभी केली ती टॅकच्या त्या दशकातील बहुतेक कामांपेक्षा टवटवीत आहे. ५ जुलै १९६९ रोजी ग्रोपियस वारले. अमेरिकन वास्तुविशारद संस्थेने १९६४ मध्ये टॅकला पेढीसाठीचा सर्वोच्च पुरस्कार दिला होता आणि वॉशिंग्टनमधील आपल्या मुख्यालयाचे कामही तिलाच दिले, जे नॉर्मन फ्लेचर यांनी १९७३ मध्ये पूर्ण केले. मान होता, कामे होती, कर्मचाऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली होती; भिंतीवर आराखडे लावून सर्वांनी सर्वांवर बोलण्याइतकी लहान खोली मात्र आता उरली नव्हती.

या उत्तरकाळात एक व्यक्ती मूळ प्रेरणेशी सर्वांत प्रामाणिक राहिली. सारा हार्कनेस यांनी मेन राज्यातील बेट्स महाविद्यालयासाठी इमारती आखल्या आणि १९७६ मध्ये जेम्स ग्रूम यांच्यासह अपंगांसाठी अडथळेविरहित इमारती कशा आखाव्यात यावर पुस्तक लिहिले. अमेरिकेत याविषयीचा व्यापक कायदा १९९० मध्ये झाला, म्हणजे त्या चौदा वर्षे आधी उंबरठे आणि उतार मोजत होत्या. घरातील आईपासून चाकाच्या खुर्चीवरील माणसापर्यंत, ज्याला इमारत अडवते त्याच्या बाजूने विचार करण्याचे हे सातत्य टॅकच्या मनोऱ्यांच्या छायाचित्रांत दिसत नाही.

१९७०च्या दशकापासून संस्था आखाती देशांतील कामांवर अधिकाधिक विसंबू लागली. कुवेतमध्ये अरब आर्थिक विकास निधीचे मुख्यालय झाले, बगदादमध्ये खुलाफा रस्त्याच्या पुनर्रचनेचे काम आले. युद्धांनी हा आधार काढून घेतला, येणी अडकली, त्यातच न्यू इंग्लंडमध्ये बांधकामाची मंदी आली आणि १९९५ मध्ये टॅक कर्जाच्या बोजाखाली बंद झाली. टॅकने आखलेल्या शाळांच्या बाबतीतही नशीब फारसे चांगले नव्हते: १९६० साली स्वतंत्र इमारतींच्या लहानशा संकुलाच्या रूपात बांधलेली आणि एके काळी आदर्श मानली गेलेली मॅसॅच्युसेट्समधील वेलँडची शाळा या शतकाच्या दुसऱ्या दशकात पाडून तेथे नवी बांधली गेली. पॅन ॲम इमारतीवर आता मेटलाइफ या विमा कंपनीचे नाव आहे.

तरीही बहुतेक ग्रंथांत या सर्व वास्तू ‘ग्रोपियस यांची उत्तरकालीन कामे’ या एकाच मथळ्याखाली येतात, आणि ज्या कामात ग्रोपियस केवळ टीकाकार होते त्याचे श्रेय, तसेच ज्या कामात संघ केवळ नावापुरता होता त्याचा दोषही, सरसकट वाटला जातो. टॅकने स्वतः ठेवलेला नियम इतिहासकारांनी पाळला तर हा हिशेब सोपा आहे: प्रत्येक इमारतीसमोर जबाबदार भागीदाराचे नाव लिहावे. तसे केल्यास पॅन ॲम ग्रोपियस आणि बेलुस्की यांच्या खात्यावर जाईल, वॉशिंग्टनचे मुख्यालय फ्लेचर यांच्या, बेट्सच्या इमारती सारा हार्कनेस यांच्या; आणि ज्यांच्यासमोर आठही नावे लिहावी लागतील अशी कामे थोडी उरतील, त्यांत लेक्सिंग्टनच्या टेकडीवरची लाकडी घरे सर्वांत वर असतील.